झाकली मूठ आणि झोपेची गोळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रांची येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत यापूर्वी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवकालीन दुर्ग या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही आज झोपेच्या गोळ्यांवर बोलणार आहोत. विषय कळताच कार्यकारिणीतील एका सन्मित्राने शेरा मारला, “श्रोत्यांना झोपविण्याची सोय वक्त्याने यंदा विषयातच करून ठेवलेली दिसते!” त्यांचे भाकीत खरे ठरू नये एवढा प्रयत्न आम्ही करू.

आरंभीच कबूल केले पाहिजे की आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधीत आलो. आज जे सांगावयाचे आहे त्यातील काही वाचनाने मिळाले, काही डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून मिळाले, आणि उरलेले स्वतः भोगून मिळाले. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याने एकदा तरी स्वतःची चोपडी सभेपुढे उघडावी, या भावनेने आम्ही उभे आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. ‘अवसादक’ औषधे आणि ‘अवसादरोधक’ औषधे अशी दोन नावे आपण ऐकतो. नावावरून वाटते की एक मनुष्याला उदास करते आणि दुसरे आनंदी करते. तसे मुळीच नाही. अवसादक म्हणजे मेंदूचे व मज्जासंस्थेचे काम मंद करणारे औषध. झोपेच्या गोळ्या, चिंता शमविणाऱ्या गोळ्या, अफू व तिच्यापासून निघालेली मॉर्फिनसारखी द्रव्ये, आणि आपली सुपरिचित दारू, ही सारी या घरातली मंडळी. अवसादरोधक म्हणजे विषाद अथवा नैराश्य या आजारावरील औषध. ते गुंगी, नशा किंवा तरतरी आणण्यासाठी नसते, आणि निरोगी मनुष्याने घेतले तर त्याला काही तो आनंदाने नाचू लागत नाही. आमचे आजचे सारे सांगणे एका वाक्यात मावते : ज्या गोळीला भ्यावयास हवे तिच्यावर आपण विश्वास टाकतो, आणि जिच्यावर विश्वास टाकावयास हवा तिला भितो.

गुंगीचा आश्रय मनुष्याने फार पूर्वीपासून घेतला आहे. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन झोपवीत आणि पाळीवर जात. त्या मातांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरी मूल सांभाळायला कोणी नव्हते, हा खरा रोग होता. झोपविले मात्र मुलाला. हे उदाहरण ध्यानात असू द्यावे, कारण पुढे ते आमच्याच घरी पुन्हा येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रोमाइडचे क्षार आले. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी फेफऱ्यावर त्यांचा उपयोग सांगितला. पुढे ते झोपेसाठीही सर्रास दिले जाऊ लागले. परंतु ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रोज घेतले तर साठत जाते आणि मनुष्य भ्रमिष्टासारखा वागू लागतो. त्यानंतर १९०३ मध्ये एमिल फिशर व योझेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटल हे निद्रौषध पुढे आणले. त्याच कुळातील फिनोबार्बिटल १९१२ साली बाजारात आले आणि अपस्माराच्या रोग्यांना ते वरदान ठरले. स्वस्त असल्यामुळे आजही ते उपयोगात आहे. पण या बार्बिट्युरेट कुळाचा एक मोठा दुर्गुण असा की झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांत अंतर थोडे. विसाव्या शतकात या गोळ्यांनी जगभर असंख्य बळी घेतले.

म्हणून १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ साली डायझेपाम ही लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून निघालेली औषधे आली, तेव्हा वैद्यकविश्वाने सुटकेचा निःश्वास टाकला. ही बेंझोडायझेपीन कुळाची औषधे पूर्वीच्या मानाने पुष्कळच सुरक्षित होती. आपल्याकडे ‘काम्पोज’ हे डायझेपामचे व्यापारी नाव एवढे रुळले की परीक्षेच्या आदल्या रात्री, लग्नाच्या मांडवात, शस्त्रक्रियेच्या पूर्वी, कोणीतरी कोणाला तरी ‘एक काम्पोज देऊन टाका’ म्हणावयाचेच. पुढे त्याच कुळातील अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही भावंडे आली.

या औषधांची बदनामी करण्याचा आमचा हेतू नाही. झटका थांबत नसलेल्या अपस्माराच्या रोग्याला लोराझेपाम अथवा डायझेपाम वेळेवर मिळाले तर त्याचे प्राण वाचतात. धनुर्वातातील स्नायूंचे आकडे यांनीच सैल होतात. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची भीती यांनीच घालविता येते. दारू सोडणाऱ्याला पहिल्या काही दिवसांत येणारा कंप व झटके यांनीच आवरतात. तीव्र चिंतेच्या प्रसंगी थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यांचा उपयोग होतो. येथे ‘थोडे दिवस’ या दोन शब्दांना फार मोल आहे. जाणते डॉक्टर बहुधा दोन ते चार आठवड्यांची मर्यादा घालतात.

ही मर्यादा कशासाठी? आम्हांला एका डॉक्टरांनी हे मोटारीच्या भाषेत समजाविले. मेंदूत वेग वाढविणारी काही रसायने आहेत आणि लगाम घालणारी काही आहेत. ‘गॅबा’ नावाचे रसायन हा मेंदूचा मुख्य ब्रेक होय. दारू, बार्बिट्युरेट आणि बेंझोडायझेपीन ही सर्व आपापल्या रीतीने त्या ब्रेकवर पाय देतात. अफू वेगळ्या मार्गाने येते, पण तीही श्वास मंद करतेच. रोज रात्री ब्रेक दाबला जाऊ लागला की मेंदू स्वस्थ बसत नाही. तो आपला तोल सांभाळण्यासाठी वेग वाढवून ठेवतो. मग तेवढाच परिणाम साधायला गोळी वाढवावी लागते. आणि एखाद्या दिवशी ब्रेकवरचा पाय एकदम उचलला, तर वाढवून ठेवलेल्या वेगाने गाडी उधळते. हातपाय कापतात, घाम फुटतो, झोप पार उडते, आवाज टोचतात, काहींना झटके येतात, काहींचा प्राणही जातो. ‘मनाचा निग्रह केला आणि एका दिवसात सोडली’ ही बढाई तंबाखूच्या बाबतीत ठीक असेल, पण झोपेच्या गोळ्यांच्या आणि दारूच्या बाबतीत तो निग्रह जिवावर बेतू शकतो.

दुसरा धोका एकत्र घेण्याचा. दारू आणि झोपेची गोळी एकाच रात्री पोटात गेली की दोघी मिळून श्वासावरच ब्रेक लावतात. १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले ते अशाच संयोगाने, असे सांगितले जाते. तो अपघात होता की आणखी काही, यावर लोक आजही बोलतात. त्यांच्या मृत्यूची तारीख हीच पुढे जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळली जाऊ लागली, हा निव्वळ योगायोग. तिसरा धोका वृद्धांचा. रात्री गोळीच्या अमलात उठणे, न्हाणीघरात तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही कथा आपल्यापैकी कित्येकांच्या घरची आहे. त्या वेळी आपण दोष फरशीला देतो.

आता आमची चोपडी.

आमची बदली रांचीला झाली ती २०१६ साली. साताऱ्याजवळच्या आमच्या गावी ही वार्ता पोहोचली तेव्हा एका काकांनी विचारले, “रांची? म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाचे गाव ना?” सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी, २०१७ च्या श्रावणात, आमच्या मातोश्री गेल्या. मिळेल त्या विमानाने आणि पुढे मोटारीने आम्ही गावी पोहोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. पाऊस धरून होता, वडीलधारी मंडळी थांबावयास तयार नव्हती. धाकट्या बंधूंनी अग्नी दिलेला होता. आम्ही थोरले, आणि आमच्या वाट्याला राख सावडणे आले. कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

रांचीला परतल्यावर पहाटे तीनला जाग येऊ लागली. झोप लागे वेळेवर, पण तीनच्या ठोक्याला मोडे, आणि उजाडेपर्यंत एकच विचार : आपण तेथे नव्हतो. जेवणाची चव गेली. मंडळाच्या गणेशोत्सवात आरती म्हणताना ओठ हलत, पण मन कोठेच नसे. हे सारे आम्ही ‘झोपेचा त्रास’ या एका खात्यावर टाकले. कचेरीतील एका सहकाऱ्याने सद्भावनेने अल्प्राझोलामची पट्टी काढून दिली. “अर्धी घ्या, साहेब. काही होत नाही, आम्ही सगळेच घेतो.” अर्धीने पहिल्या रात्री सहा तास झोप लागली. त्या सकाळी आम्ही त्या सहकाऱ्याला धन्वंतरी मानले.

अर्धीची एक झाली, एकीची दीड, आणि तिसऱ्या वर्षी दोन. कायद्याने ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘एच-१’ नावाच्या अनुसूचीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध व त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहावी आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम आम्हांला ठाऊक होता. नोंदवह्या तपासणे हाच तर आमचा धंदा! तरीही ओळखीचा दुकानदार पुडी बांधून देई आणि आम्ही ती खिशात घालीत असू. एका सज्जन लेखापरीक्षकाने तीन वर्षे न लिहिलेल्या वहीचा लाभ घेतला, हे येथे नमूद करून ठेवतो.

गोळीने झोप दिली आणि हळूहळू दुसरे बरेच काही नेले. नावे आठवेनात. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागे. २०१९ साली आम्ही या मंडळाचे कोषाध्यक्ष होतो. त्या वर्षीच्या वर्गणीच्या हिशेबात ४,२०० रुपयांचा फरक आला, आणि तो त्या वेळच्या चिटणिसांनी दाखवून दिला तेव्हा आम्ही त्यांच्यावर चारचौघांत आवाज चढविला. त्यांनी निमूटपणे बेरीज दुरुस्त केली आणि कोठे वाच्यता केली नाही. चूक आमची होती. ते आज या सभेत बसले आहेत. पाच वर्षांनी का होईना, आम्ही त्यांची क्षमा मागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. औषधांची दुकाने उघडी होती, पण आमच्या ओळखीचे दुकान आजारपणामुळे बंद राहिले. दुसऱ्या दुकानदाराने चिठ्ठी मागितली. आम्ही हुद्दा सांगितला, तरी त्याने पुन्हा चिठ्ठीच मागितली. तेव्हा तो आम्हांला उद्धट वाटला. वास्तविक आपले काम चोख करणारा मनुष्य तोच होता. आम्ही लाजेने कोणत्याच डॉक्टरकडे गेलो नाही. ‘नाही तर नाही, सोडून देऊ’ म्हणालो. पहिली रात्र डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला हातात ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात झटका येऊन आम्ही कोसळलो. शेजारच्या मजल्यावरील, आपल्याच मंडळाच्या सभासद दांपत्याने रस्त्यावर चिटपाखरू नसताना आपली गाडी काढली आणि आम्हांला इस्पितळात पोहोचविले.

तेथून पुढे ज्या रस्त्याची आम्ही धास्ती घेतली होती, त्याच कांके रस्त्याला लागणे भाग पडले. कांके हे नाव येथे शिवीसारखे वापरतात, हे आपण जाणता. महाराष्ट्रात ठाण्याचे किंवा येरवड्याचे नाव जसे काढतात, तसे. आम्ही कचेरीची गाडी न घेता रिक्षाने गेलो, आणि रिक्षाही अलीकडेच सोडली. एवढी दक्षता चोरसुद्धा घेत नसेल.

तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : “झोप लागत नाही की लागून मोडते?” दुसरा : “कधीपासून?” तिसरा : “त्या सुमारास घरी काय घडले?” तीन वर्षांत हे तीन प्रश्न आम्हांला कोणी विचारले नव्हते, आणि आम्हीही स्वतःला विचारले नव्हते. पहाटे लवकर मोडणारी झोप, अन्नावरची व करमणुकीवरची वासना जाणे, स्वतःला सतत अपराधी मानणे, ही नैराश्याची लक्षणे होत, असे त्यांनी सांगितले. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी आमची गत झाली होती. दुखत होते मन, आणि आम्ही झोपवीत होतो मेंदूला. गिरणीतल्या माउलीची बाळागोळी ती हीच.

त्यांनी दोन गोष्टी ठरविल्या. झोपेची गोळी एकदम बंद न करता तिच्याच कुळातील पण शरीरात अधिक काळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून पायरीपायरीने कमी करावयाची. ही पद्धत नवी नाही. इंग्लंडात न्यूकॅसल येथे हेदर ॲश्टन या विदुषीने १९८२ पासून बारा वर्षे केवळ अशा रोग्यांसाठी दवाखाना चालविला आणि सावकाश उतरण्याची रीत लिहून ठेवली. आम्हांला उतरावयास आठ महिने लागले. दुसरी गोष्ट, अवसादरोधक औषध सुरू करावयाचे. येथे मात्र आम्ही बाणेदारपणे उत्तरलो, “डॉक्टर, आम्हांला जन्मभर गोळ्यांवर जगावयाचे नाही. व्यसन लागेल.” आमच्या सौभाग्यवती तोवर शांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तीन वर्षे रोज रात्री खाल्लेत ते काय बत्तासे होते?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून अवसादरोधकांची थोडी माहिती आम्ही नंतर करून घेतली, ती सांगतो.

या औषधांचा शोध क्षयाच्या दालनात लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहिले. अंथरुणाला खिळलेले रोगी बोलू लागले, जेवू लागले, त्यांच्या वृत्ती उल्हसित झाल्या. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी ते विषण्ण रोग्यांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलांट कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा वृत्तान्त दिला. स्किझोफ्रेनियासाठी तपासलेले हे द्रव्य त्या आजारात निरुपयोगी ठरले, परंतु नैराश्यात गुणकारी निघाले. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन व त्यानंतरची सर्ट्रालिन, एसिटालोप्राम इत्यादी औषधे त्या मानाने सोसावयास सोपी आहेत.

या कथेत आपल्या देशाचाही एक अध्याय आहे आणि त्याचे एक टोक याच प्रांतात आहे. सर्पगंधा या वनस्पतीची मुळी बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई, आणि २००० च्या नोव्हेंबरपर्यंत रांची बिहारातच होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर व रक्तदाबावर तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरील उपयोगाचा निबंध इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली तिच्यातील रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रोगी खिन्न होतात, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि मेंदूतील रसायने व मनाची अवस्था यांचा संबंध शोधण्यास त्यातून चालना मिळाली. रेसर्पिनने खरोखर नैराश्य येते काय, याविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले. ‘अमुक रसायन कमी पडले की नैराश्य येते’ हे समीकरणही आज फार ढोबळ मानले जाते. औषध गुण देते, पण नेमके कोणत्या वाटेने, याचा शोध अद्याप चालू आहे.

या औषधांचा स्वभाव झोपेच्या गोळीच्या उलट. ती गोळी अर्ध्या तासात उपकार करते आणि महिन्याने वसुली सुरू करते. अवसादरोधक आधी त्रास देते आणि मग गुण. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता. गुण दिसावयास दोन ते चार आठवडे, क्वचित सहा. पुष्कळ लोक याच काळात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ते टाकून देतात. त्याची तलफ येत नाही, नशा चढत नाही, मात्रा आपोआप वाढवावीशी वाटत नाही. म्हणून रूढ अर्थाने ते व्यसन नव्हे. मात्र तेही एकाएकी थांबवू नये. थांबविले तर घेरी, विजेच्या हलक्या धक्क्यासारख्या संवेदना, चिडचिड असा त्रास होतो. बरे वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवितात.

ते निर्दोष आहे, असेही कोणी समजू नये. वजन व कामजीवन यांवर परिणाम होऊ शकतो. वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटू शकते. उन्माद आणि विषाद यांच्या आळीपाळीने फेऱ्या येणाऱ्या रोग्याला नुसते हेच औषध दिले तर उन्माद उसळू शकतो. पंचविशीच्या आतील तरुणांवर आरंभीच्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण काहींच्या मनात जीव देण्याचे विचार या काळात वाढलेले आढळले आहेत. सौम्य नैराश्यात संभाषणाचे उपचार पुरतात, औषध लागतेच असे नाही. सारांश, ही गोळी सहकाऱ्याच्या खिशातून घेण्याची नव्हे. आम्ही ती दीड वर्ष घेतली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी पोह्यांना कोथिंबिरीचा वास आला. तो वास तीन वर्षे त्या ताटात होता, पण आम्हांला येत नव्हता. २०२२ पासून आम्ही दोन्ही गोळ्यांतून मुक्त आहोत. मातोश्रींची आठवण आजही येते. पण आता त्यांचा चेहरा दिसतो, केवळ चुकलेली वेळ दिसत नाही.

बंधुभगिनींनो, आम्ही एकटे नव्हतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेला पाहणी-अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेची वा चिंतेची औषधे वैद्यकीय कारणावाचून घेत होते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत दर वीस प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याने गाठलेले आढळले. या सभागृहातील खुर्च्या मोजा आणि वीसने भागा. हे गणित करावयास लेखापरीक्षक लागत नाही.

ज्या कांकेला आपण हसतो, तेथील केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था १९१८ साली स्थापन झाली. १९५२ मध्ये लिथियम आणि १९५३ मध्ये क्लोरप्रोमॅझिन ही त्या काळी नवी असलेली औषधे तेथे वापरात आली होती. दूरदूरच्या प्रांतांतून रोगी घेऊन माणसे तेथे येतात, आणि आपण येथल्या येथे असून मान वळवून पुढे जातो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात खरी असेल. मनाच्या आजारात झाकलेल्या मुठीत सव्वा लाख नसतात. आमच्या मुठीत तर गोळ्यांची पट्टी होती.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण आणखी एक असते. गावी असतो तर आत्या ओरडली असती, मामांनी कान धरला असता, शेजारच्या वहिनींनी ‘भावजी उतरलेले दिसतात’ म्हटले असते. येथे आपण साहेब असतो. साहेबाला कोण विचारणार? म्हणून आमच्या काही सूचना आहेत. झोपेची गोळी महिन्याहून अधिक काळ चालली असेल, तर आपण होऊन बंद करू नका आणि लपवूही नका. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरकडे जाऊन उतरण्याचा बेत आखून घ्या. घरातील वृद्धांच्या डब्यात कोणकोणत्या गोळ्या आहेत, हे वर्षातून दोनदा तपासा. ज्या रात्री ती गोळी, त्या रात्री दारूचा थेंबही नको. पंधरवडाभर मन खिन्न राहिले, जेवणखाण व कामधाम यांवरील लक्ष उडाले, किंवा जिणे नको असे कोणी बोलून दाखविले, तर उपदेश न करता त्यांना डॉक्टरकडे न्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी-सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न पडता बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. आपल्या भाषेत रडता येणे ही परप्रांतात लहान गोष्ट नव्हे.

शेवटची विनंती मंडळाला. पन्नास वर्षांत या मंडळाने कितीतरी घरांची लग्नकार्ये पार पाडली, रक्त दिले, मर्तिकाला खांदा दिला. आता एवढेच करावे, की एखादा सभासद दोन कार्यक्रमांना दिसला नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता कोणीतरी त्याच्या घरी जावे. वर्गणी मागावयास नव्हे. चहा घ्यावा, आणि “झोप कशी लागते?” एवढे विचारावे. २०१७ साली हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला असता, तर कदाचित आम्ही खोटेच उत्तर दिले असते. पण दुसऱ्यांदा विचारल्यावर खरे सांगितले असते.